किचन-बाथरूमच्या छोट्या व्यवसायाला कोणतं डिझाइन सॉफ्टवेअर? आधी कटलिस्ट बघा, थ्रीडी नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला तुम्ही दोघे भाऊ किचन ट्रॉली आणि बाथरूम रिनोव्हेशनची कामं घेता. महिन्याला तीन-चार किचन, एखाद-दुसरं बाथरूम. ड्रॉइंग कधी हाताने, कधी बाहेरच्या मुलाकडून ऑटोकॅडमध्ये. कपाटं अंबडच्या एका कारखान्यात कापून घेता, बसवायला माणसं तुमची. आता ग्राहक थ्रीडी मागतात. एक विक्रेता क्लाउड सॉफ्टवेअरचं वर्षाचं पॅकेज घेऊन मागे लागलाय, अमेरिकेतल्या मामेभावाने चीफ आर्किटेक्ट हे सॉफ्टवेअर सुचवलंय, आणि कुणीतरी क्रॅक केलेलं स्केचअप पेनड्राइव्हवर द्यायला तयार आहे. यातलं काय घ्यावं?

माझं मत आधीच सांगतो. तुमच्यासारख्या व्यवसायाचे पैसे थ्रीडी नसल्यामुळे जितके जातात त्यापेक्षा कितीतरी जास्त चुकीच्या मापात जातात. तुमच्या ड्रॉइंगचे वाचक तीन. ग्राहक चित्र बघतो, कारखाना कटलिस्ट (कापायच्या फळ्यांच्या मापांची यादी) बघतो आणि टाइल्सवाला-प्लंबर भिंतीचं माप बघतो. पहिला वाचक काम मिळवून देतो, उरलेले दोघे त्या कामात काही शिल्लक राहणार की नाही ते ठरवतात. विक्रेता डेमो देतो तो मात्र फक्त पहिल्या वाचकासाठी. म्हणून मी सॉफ्टवेअर उलट्या बाजूने निवडतो. कारखान्यात आणि साइटवर जो कागद जायचा आहे तो यातून नीट निघतो का, हे आधी, आणि मग त्याच मॉडेलमधून ग्राहकाला दाखवण्याजोगं चित्र निघतं का, हे.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या बाजूला काढू. कपाटं साइटवर सुतार बनवत असेल तर कटलिस्टचं महत्त्व कमी होतं, कारण तो प्रत्यक्ष माप घेत घेतच कापतो. एखाद्या ब्रँडची तयार मॉड्यूल विकत असाल तर तो ब्रँड सहसा स्वतःचं सॉफ्टवेअर देतो आणि प्रश्नच मिटतो. शीटवर फळ्या मांडून आपोआप कापणारं स्वतःचं सीएनसी नेस्टिंग मशीन असेल तर कॅबिनेट व्हिजन, मायक्रोव्हेलम, इमॉस अशा कारखान्याच्या सॉफ्टवेअरचा विचार करावा लागतो. ती महाग आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळा माणूस लागतो. तुम्ही यात कुठेच बसत नाही. डिझाइन तुमचं, कटिंग बाहेर, फिटिंग तुमचं. या मधल्या अवस्थेतच मापाची चूक सगळ्यात जास्त होते, कारण माप एका हातातून दुसऱ्या हातात जातं. पुढचं सगळं याच अवस्थेसाठी लिहितोय.

मामेभावाने सांगितलेलं चीफ आर्किटेक्ट किंवा तिकडचं ट्वेंटी-ट्वेंटी डिझाइन, दोन्ही चांगली सॉफ्टवेअर आहेत. पण अमेरिकेतलं किचन कॅटलॉगमधून उभं राहतं. तिथली बेस कॅबिनेट २४ इंच खोल, साडेचौतीस इंच उंच आणि रुंदीला ३-३ इंचाच्या टप्प्याने वाढणारी. डिझायनर कॅटलॉगमधला नग उचलतो, भिंतीला लावतो, उरलेल्या फटीत फिलर टाकतो आणि ऑर्डर पाठवतो. त्या सॉफ्टवेअरची सगळी ताकद तिथल्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये आहे. आपल्याकडे आधी ओटा असतो, अनेकदा जुना, आणि ट्रॉली त्याच्या खाली मापाने बनते. खाली कडाप्प्याचे उभे असतात, ते ठेवायचे की काढायचे हा पहिला प्रश्न असतो. मामेभाऊ न्यू जर्सीत हा व्यवसाय करत असेल तर त्याने जरूर तेच वापरावं. तुम्ही त्या कॅटलॉगसाठी पैसे भरून कॅटलॉग वापरणारच नाही.

आता प्लाय आणि लॅमिनेटकडे येतो. इथे जरा थांबून वाचा, कारण बाहेरच्या कुठल्याही तयार लायब्ररीत हीच चूक लपलेली असते. परदेशी सॉफ्टवेअर धरून चालतं की बोर्ड कारखान्यातूनच लॅमिनेट होऊन आलाय आणि तो १८ मिमी म्हणजे १८ मिमीच आहे. ६०० मिमीच्या कपाटाला दोन्ही बाजूंचे ३६ वजा करून ते तळाची फळी ५६४ देतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी १८ ची प्लाय घेऊन तिच्यावर आतून ०.८ मिमीचा लायनर (पातळ लॅमिनेट) आणि बाहेरून १ मिमीचं लॅमिनेट चिकटवतात. बाजू झाली १९.८. सॉफ्टवेअरने सांगितल्याप्रमाणे तळ ५६४ चा कापला तर कपाट बाहेरून ६०० ऐवजी ६०३.६ होतं. एका कपाटात कुणाच्या लक्षातही येत नाही. पाच कपाटांच्या रांगेत ते १८ मिमी होतात, वर चिकटवण्याचा थर वेगळा. दोन भिंतींच्या मध्ये ओटा असेल तर शेवटचं कपाट आत जात नाही. मग साइटवर ते तासलं जातं, तासलेल्या बाजूचं लॅमिनेट उडतं आणि ग्राहक समोर उभा असतो.

म्हणून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न: बोर्डाची जाडी मी १९.८ टाकली तर सगळ्या फळ्या आपोआप बदलतात का? आणि बाजूची जाडी एक, शेल्फची दुसरी, असं चालतं का? «हो» असं तोंडी उत्तर घेऊ नका, समोर करून दाखवायला सांगा.

दुसरा प्रश्न एज बँडिंगचा, म्हणजे फळीच्या कडांना लावायच्या पट्टीचा. शटर, म्हणजे कपाटाचं दार, तयार होऊन ५९७ बाय ७१७ हवं आहे आणि चारही कडांना २ मिमीची पट्टी आहे. म्हणजे कापायचं माप ५९३ बाय ७१३. सॉफ्टवेअरने तयार माप छापलं आणि कारखान्याने तेच कापून वर पट्टी लावली, तर शटर ६०१ चं होतं, ६०० च्या कपाटावर. शेजारचं शटर त्याला घासतं. उलट काही कारखान्यांचं मशीन पट्टी लावण्याआधी कड थोडी छिलतं आणि तो हिशोब ते स्वतः धरतात, त्यांना तयार मापच हवं असतं. दोन्ही बरोबर आहे, फक्त दोघांनी एकच गोष्ट धरायला हवी. कटलिस्टवर «कटिंग माप» की «तयार माप» हे छापून यायला हवं, आणि कोणत्या कडेला पट्टी आहे ते प्रत्येक फळीपुढे दिसायला हवं.

म्हणूनच सॉफ्टवेअर घेण्याआधी अंबडच्या तुमच्या कारखान्यात जाऊन बसा. पॅनेल सॉ चालवणाऱ्याला विचारा की त्याला कोणत्या स्वरूपात यादी हवी. बरेच कारखाने एक्सेल मागतात, कारण शीट बसवण्याचा प्रोग्रॅम त्यांचा स्वतःचा असतो. काहींना २४४० बाय १२२० च्या शीटवर फळ्या मांडलेला नकाशाच हवा असतो. करवतीची फट ते किती धरतात तेही विचारा. साधारण ३ ते ४ मिमी, सुताराच्या भाषेत सूतभर. तुमच्या माणसांनाही विचारा. फिटिंगवाला इंच-सूत वाचतो की मिमी, हा वरवर किरकोळ प्रश्न आहे, पण ड्रॉइंग मिमीत आणि टेप इंचात असली की प्रत्येक मापाला मनातल्या मनात भाषांतर होतं आणि त्यात सूत-दोन सूत गळतं. आमच्याकडे सगळ्यांच्या हातात मिमीची टेप आहे. त्याला वेळ लागला, पण एकदा सवय झाल्यावर कुणी परत इंचावर गेलं नाही.

या दोन कसोट्या लावल्यावर तुमच्यासाठी माझी निवड स्केचअप प्रो ही आहे, आणि त्यावर ओपनकटलिस्ट हे मोफत मिळणारं एक्स्टेंशन (जोड-प्रोग्रॅम). स्केचअपमध्ये तुम्ही कपाट फळीफळीने बनवता, अगदी सुतार बनवतो तसं, त्यामुळे सुतारकाम येणारा माणूस ते लवकर शिकतो. १८ ची प्लाय, ०.८ चा लायनर, हे तुमच्या पद्धतीने बसवता येतं. एकदा आपली पाच-सात नेहमीची कपाटं डायनॅमिक कंपोनंट म्हणून नीट बनवून ठेवली की रुंदी बदलली तरी फळ्या बदलतात. ओपनकटलिस्ट त्यातून यादी काढतं, कडपट्टी धरतं, शीटवर फळ्या मांडून दाखवतं आणि प्रत्येक फळीला लेबल छापून देतं. लेबल लावलेल्या फळ्या साइटवर आल्या की कुठली फळी कुठे, यावर अर्धा दिवस जात नाही.

घेताना एक काळजी घ्या. स्केचअपचे प्रकार वेगवेगळे आहेत. ब्राउझरवर चालणारं मोफत स्केचअप व्यवसायासाठी नाही, त्याच्या अटीतच ते लिहिलंय. «गो» नावाचा स्वस्त प्रकार वेब आणि आयपॅडवर चालतो, त्यात एक्स्टेंशन टाकता येत नाहीत, म्हणजे ओपनकटलिस्ट नाही. तुम्हाला डेस्कटॉपवर चालणारं प्रो हवं. त्याच्याबरोबर लेआउट येतं आणि साइटची ड्रॉइंग त्यातच काढायची. जुनं २०१७ चं «मेक» अजून अनेक वर्कशॉपमध्ये दिसतं, पण तेही घरगुती वापरापुरतंच मोफत होतं. आणि २०२० च्या शेवटापासून स्केचअप कायमचं विकत मिळत नाही, दरवर्षी भाडं भरावं लागतं. ते खर्चात धरा.

क्लाउडची सॉफ्टवेअर, म्हणजे आपल्या बंगळुरूचं इन्फर्निया, चीनचं कूहोम वगैरे, वाईट नाहीत. ग्राहकासमोर बसून तासाभरात किचन उभं करायचं असेल तर त्यांच्याइतकं वेगवान दुसरं काही नाही, आणि रेंडर (फोटोसारखं चित्र) त्यांच्या सर्व्हरवर होत असल्याने साधा लॅपटॉप चालतो. शोरूम असेल, विक्रीला दोन-तीन मुलं बसत असतील, तर मी स्वतः तिकडे वळेन. पण महिन्याला तीन-चार किचनसाठी तो वेग तुमच्या उपयोगाचा कमी आहे. शिवाय काम सोडताना काय घेऊन बाहेर पडता येतं, हे पैसे भरण्याआधी विचारा. भाडं थांबलं की जुन्या ग्राहकांची ड्रॉइंग उघडतात का? डीडब्ल्यूजीमध्ये (ऑटोकॅडच्या फाइलीत) निघतात का? दोन वर्षांनी एखादा ग्राहक शटर बदलायला बोलावतो तेव्हा त्या फाइलची किंमत कळते.

आता बाथरूम. प्रश्नात तुम्ही बाथरूमचं नाव एकदाच घेतलंय, पण रिनोव्हेशनमध्ये जास्त धोका तिथेच आहे. ट्रॉली बदलून देता येते, वॉटरप्रूफिंगवर लागलेली टाइल नाही. बाथरूमसाठी थ्रीडीपेक्षा चार भिंतींची चार उभी ड्रॉइंग आणि जमिनीचं एक, एवढं पुरतं. पण त्यावर टाइलचे सांधे खरे हवेत. बहुतेक सॉफ्टवेअर टाइल नुसतं चित्र म्हणून भिंतीवर पसरवतं, त्याला सांध्याचं भान नसतं.

एक उदाहरण घ्या. भिंत १३८० मिमी, टाइल ६०० रुंदीची, सांधा २ मिमी. एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर दोन पूर्ण टाइल बसून दुसऱ्या कोपऱ्यात १७६ ची पट्टी उरते. एक टाइल मधोमध घेतली तर दोन्ही बाजूंना ३८८ चे सारखे तुकडे येतात, भिंत डोळ्यांना शांत दिसते. पण पहिल्या प्रकारात एका टाइलमधून तीन पट्ट्या निघतात, दुसऱ्यात प्रत्येक तुकड्याला एक टाइल जाते. दिसणं आणि खर्च यांतला हा निर्णय टाइल्स मागवण्याआधी ग्राहकाने कागदावर बघून घ्यायला हवा. तो आधी झाला नाही, तर मिस्त्री साइटवर आपल्या सोयीने घेतो. त्याच ड्रॉइंगवर मिक्सरचा मध्य सांध्यावर येतो की टाइलच्या मध्यावर, तेही कळतं. वॉल मिक्सरच्या दोन पॉइंटमधलं अंतर १५० मिमी असतं, त्यामुळे एक पॉइंट सांध्यावर आणि दुसरा टाइलमध्ये, असं विचित्र दिसणारं काम कागदावरच टाळता येतं.

आणि प्रत्येक मापापुढे लिहा की ते कुठून धरलंय, उघड्या भिंतीपासून की तयार टाइलपासून. प्लास्टर, चिकटवणी आणि टाइल मिळून २५-३० मिमी सहज होतात. कन्सील्ड डायव्हर्टर (भिंतीच्या आत बसणारा मिक्सरचा व्हॉल्व्ह) किती खोल बसवायचा याच्या किमान-कमाल खुणा त्याच्या बॉडीवरच असतात, आणि त्या तयार पृष्ठभागापासून मोजायच्या असतात. कमोडच्या एस-ट्रॅपचं (जमिनीत जाणाऱ्या आउटलेटचं) अंतरही तयार भिंतीपासूनच. जमिनीच्या ड्रॉइंगवर नहाणी ट्रॅपची जागा, उताराचे बाण आणि मीटरला १० ते १२ मिमी उतार लिहून ठेवा. हे सगळं लेआउटमध्ये निघतं. तुमच्या त्या बाहेरच्या मुलाला ऑटोकॅड चांगलं येत असेल तर बाथरूम त्याच्याकडूनच चालू ठेवायलाही हरकत नाही. डीडब्ल्यूजी फाइल उघडणारी स्वस्त कॅड सॉफ्टवेअर, जसं झेडडब्ल्यूकॅड किंवा जीस्टारकॅड, हाही रस्ता आहे. किचन आणि बाथरूम एकाच सॉफ्टवेअरमध्ये असलंच पाहिजे असं काही नाही.

भिंतींबद्दल एक कसोटी. जुन्या नाशिकच्या, किंवा कुठल्याही जुन्या इमारतीच्या भिंती गुण्यात नसतात. कोपरा ९० ऐवजी ९१ अंश असेल तर आठ फुटांत भिंत सुमारे ४२ मिमी बाहेर जाते, दीड इंचाहून जास्त. डेमोत मुद्दाम ९१ अंशाचा कोपरा काढायला सांगा आणि एल आकाराचं किचन त्यात बसवायला सांगा. काही सॉफ्टवेअर भिंत गुपचूप सरळ करून टाकतात. ते तिथेच नापास. अर्थात कोपरा ९१ चा आहे हे तुम्ही आधी मोजलेलं हवं. दोन्ही भिंती आणि कर्ण, तीनही मापं, आणि भिंतीची रुंदी खाली, ओट्याच्या उंचीला आणि वर अशी तीन ठिकाणी. ओळंबा आणि गुण्या गाडीत नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही.

ग्राहकाच्या थ्रीडीबद्दल आता. स्केचअपचं साधं चित्रही बऱ्याच ग्राहकांना पुरतं, कारण त्यांना खरं तर फ्रिज कुठे आणि मिक्सर कुठे हे बघायचं असतं. जास्त हवं असेल तर ट्विनमोशन बघा. वर्षाची उलाढाल १० लाख डॉलरपेक्षा कमी असलेल्यांना ते मोफत आहे. त्याला बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड लागतं, त्यामुळे लॅपटॉप घेताना तोच खर्च मोठा असेल. एन्स्केप, व्ही-रे ही भाड्याची सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी घेऊ नका. आणि रेंडर दिलं की त्यावर लिहा: रंग आणि पोत प्रत्यक्ष नमुन्यावरून ठरेल. लॅमिनेटचा कोड नमुन्याच्या मागे लिहून ग्राहकाची सही घ्या. पडद्यावरचा प्रकाश त्यांच्या स्वयंपाकघरात नसतो, आणि भांडणं बहुतेक तिथूनच सुरू होतात.

पेनड्राइव्हबद्दल स्पष्ट सांगतो: घेऊ नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. व्यवसायासाठी वापर नसेल तर न्यायालय नुसत्या दंडावर भागवू शकतं, तुमचा वापर व्यवसायाचाच आहे. त्याशिवाय अशा फाइलीतून व्हायरस येतो आणि ग्राहकांची ड्रॉइंग, मापं, फोन नंबर सगळं त्याच मशीनवर असतं. तुमची जीएसटी नोंदणी नेहमीची असेल तर सॉफ्टवेअरवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. डॉलरमध्ये पैसे भरणार असाल तर आधी सीएला विचारा.

आता करायचं काय. नवीन किचनवर ट्रायल घेऊ नका. नुकतंच बसवून झालेलं, ज्याची सगळी मापं आणि कारखान्याला दिलेली यादी तुमच्याकडे आहे असं एक किचन घ्या आणि ट्रायल आवृत्तीत पुन्हा काढा. विक्रेत्याला नव्हे, दोघा भावांपैकी पुढे जो हे चालवणार आहे त्यालाच काढू द्या. यादी काढा आणि जुन्या यादीशी ओळीओळीने ताडून बघा. जिथे फरक येईल तिथे एकतर सॉफ्टवेअरची जाडी-पट्टी चुकीची सेट आहे, नाहीतर त्या वेळी साइटवर काहीतरी तासलं गेलं होतं. दोन्ही कळणं कामाचं आहे. मग तीच यादी कारखान्याला दाखवा आणि विचारा, या कागदावर कापशील का? तो काही न विचारता हो म्हणाला तर पैसे भरा. सुरुवातीला एकच लायसन्स.

तो भाऊ कोण असेल हेही आधी ठरवा. फिटिंगला जाणाराच संध्याकाळी दमून कॉम्प्युटरवर बसणार असेल तर पहिले दोन-तीन महिने त्याला साइटवरून थोडं मोकळं करावं लागेल. माझ्या मते मापं घेणाराच डिझाइनला बसावा, कारण भिंतीचा फुगवटा, बीमचा खांदा, नळाची जागा त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते.

तुमचा कारखाना प्री-लॅम (आधीच लॅमिनेट होऊन आलेला) बोर्ड कापतो की प्लायवर लॅमिनेट चिकटवून देतो, आणि त्यांना यादी एक्सेलमध्ये चालते का, एवढं कळवलंत तर कपाटांचे कंपोनंट कोणत्या मापांनी बनवून ठेवायचे ते पुढच्या उत्तरात आकड्यांसकट लिहितो.